हिलालच्या मानाचा फ्लेक्स

मेटल ऐकणारी माणसं आपसात काय बोलत असतील, याविषयी अमळनेरात फार भयंकर कल्पना आहेत. काळा टी-शर्ट, त्यावर कवटी, कानात कुणीतरी किंचाळतंय. म्हणजे बोलणंही रक्ताचं आणि स्मशानाचंच असणार. लोकांना काय, काहीही वाटतं. 'खान्देश मेटल' या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका साध्या मंगळवारी सकाळी झालेलं बोलणं असं होतं:

"उठले का सगळे?" ही ज्योत्स्ना. जळगावला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी. ग्रुपची अॅडमिन.

"कधीचा. केळीला पाणी सोडलं आणि लाईट गेली." हा अभिमन. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी त्याची शेती.

"आईचा गुडघा?"

"एरंडाचं पान बांधलंय."

"पान नको बांधू, एक्स-रे काढ."

"त्या डूम मेटलवाल्यांचा नवा अल्बम ऐकला का? बारा मिनिटं माणूस एकच तार वाजवतो." हा कुंदन.

"ऐकला. झोप लागली. फार छान लागली."

"माझी बाजरीची भाकरी मोडतेय. पीठ जुनं असेल का?"

बस. यात सैतान कुठे सापडला तर मला कळवा. एकेकाळी या ग्रुपवर एकवीस जण होते. मग लग्नं झाली, पोरं झाली, दोघांना देवाधर्माचा झटका आला, एक जण मेटल सोडून सरपंच झाला. उरले चार. आणि अडीच महिन्यांपासून तीनच, कारण चौथा, धुळ्याचा हिलाल, ग्रुप सोडून निघून गेला होता. त्याला कारण कुंदन.

कुंदनचं अमळनेरला चष्म्याचं दुकान. हिलाल धुळ्यात ट्रकच्या बॉडीला रंग देतो, मागे मोर काढतो, फाळक्यावर 'आईचा आशीर्वाद' लिहितो. त्याचे केस कमरेपर्यंत होते. मुली बघायला सुरुवात झाली तसं घरच्यांनी सांगितलं, केस काप. सात ठिकाणांहून नकार आल्यावर त्याने कापले आणि भांग पाडलेला फोटो ग्रुपवर टाकला. ज्योत्स्नाने लिहिलं, "वेगळा दिसतोस." अभिमनने लिहिलं, "मान मोकळी वाटत असेल." आणि कुंदनने लिहिलं, "हजार ट्रकांना रंग मारलास, आता मुलीकडच्यांच्या पसंतीचा रंग स्वतःलाच मारून घे."

हे लिहिणाऱ्या कुंदनच्या डोक्यावरचे स्वतःचे केस अठ्ठाविसाव्या वर्षीच संपलेले. ज्याची विहीर आटली त्याने गावाला पाण्यावर भाषण द्यावं, तसला प्रकार. हिलालने ग्रुप सोडला, कुंदनला ब्लॉक केलं.

"माफी माग," ज्योत्स्ना म्हणाली.

"मी तत्त्वाचं बोललो होतो," कुंदन म्हणाला.

आपल्याकडे ज्याला 'चुकलं' म्हणता येत नाही, त्याच्याकडे तत्त्व असतं. पण तत्त्व दुपारी एक वाजता उपयोगी पडत नाही. अकरा वर्षं रोज दुपारी एकला हिलालचा मेसेज यायचा, डब्यात काय आहे म्हणून. कुंदनने सांगायचं, गिलक्याची भाजी. हिलालने म्हणायचं, तुझ्या नशिबात गिलकेच. आता एक वाजायचा, डबा उघडायचा, आणि गिलक्याची कुणी चौकशी करत नव्हतं. एकदा कुंदनने दुकानातल्या दुसऱ्या फोनवरून स्वतःलाच मेसेज पाठवून बघितला, फोन चालू आहे ना म्हणून. चालू होता.

तेव्हा त्याने ठरवलं की हिलालला परत आणायचा, पण माफी न मागता. जानेवारी होता. खान्देशात जानेवारीत भांडण मिटवायचं असेल तर भरीत पार्टी करतात. लग्न ठरवायचं असेल तरी करतात, निवडणूक लढवायची असेल तरी करतात. अभिमनच्या शेतात चौघांनी जमायचं, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजायची, आणि कुणी कुणाला काही न म्हणता सगळं मिटवून टाकायचं.

एवढंच होतं. आठ वांग्यांचं काम. पण कुंदनच्या शेजारी रुपचंद नाना राहतात.

नाना एसटीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर बसस्टँडवर माईकवरून गाड्या पुकारल्या, त्यामुळे ते मिठाची वाटी मागतात तेव्हाही सूचना दिल्यासारखं वाटतं.

"चौघांचं भरीत होत नसतं," नानांनी जाहीर केलं. "चौघांची चटणी होते. भरीत म्हटलं की वीस किलो वांगी. ठेचायला बडगी पाहिजे, मुसळी पाहिजे. आणि रुसलेला माणूस येणार कसा? बोलावलंस?"

"त्याने मला ब्लॉक केलंय नाना."

"मग त्या पोरीकडून निरोप पाठव."

"तिला म्हणाला, कुंदन असेल तिथे मी येत नाही."

"म्हणजे मानाचा प्रश्न आहे," नाना खूश झाले. मानाचा प्रश्न आला की नानांना निवृत्त झाल्याचं दुःख राहत नाही. "त्याचे कोणी नातेवाईक आहेत का तिकडे?"

"आत्या आहे. यशोदाबाई. अभिमनच्या शेजारच्याच गावात दिलीय."

"झालं तर. रस्त्यावर त्याचा फ्लेक्स लाव. मोठा. आत्या बघेल, भाच्याला फोन करेल. ज्याचा फोटो आठ बाय दहावर लागला तो माणूस घरी बसत नाही. कुठूनही येतो."

नानांचं हे बोलणं पुढे अक्षरन् अक्षर खरं ठरलं. तीच तर भानगड.

कुंदनची बायको शीतल स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिने विचारलं, "चुकलं म्हणायला किती वेळ लागतो हो?"

"तो वेळेचा प्रश्न नाही."

"आणि फ्लेक्सला?"

"दोन दिवस."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली आणि कुकरची शिट्टी होऊ दिली.

फ्लेक्सबद्दल मला एकदाच बोलून घेऊ द्या. आपल्या जिल्ह्यात ज्याला घरात कुणी पाणी विचारत नाही तो चौकात युवकांचं आशास्थान असतो. ज्याने आयुष्यात एक झाड लावलं नाही तो दहा फुटी फोटोत गॉगल घालून गावाला हरित शुभेच्छा देतो. ट्रकच्या फाळक्यावर हाताने अक्षर काढणाऱ्या हिलालचा फोटो मात्र आजवर कुणी कुठे लावला नव्हता. त्यामुळे कल्पना वाईट नव्हती. वाईट होती ती फोटोची निवड.

ग्रुपवर हिलालचा एकच चांगला फोटो होता आणि तो मेटलवाल्यांनी काढलेला होता. म्हणजे काळा-पांढरा. चेहऱ्यावर अर्धा अंधार, डोळे मिटलेले, हात छातीवर दुमडलेले, मागे धूर. धूर शेतातल्या पाचटाचा होता, पण ते फोटोत लिहिलेलं नव्हतं.

तो घेऊन कुंदन जीवरामच्या फ्लेक्सच्या दुकानात गेला. जीवरामची कामाची एक रीत होती आणि ती अठरा वर्षांत चुकली नव्हती. रंगीत फोटो आला की वाढदिवस. काळा-पांढरा आला की दुसरं. तो कधी काही विचारत नसे, कारण दुसऱ्या प्रकारच्या गिऱ्हाइकाला विचारणं बरं दिसत नाही. त्याने फोटो पाहिला, आवाज उतरवला आणि म्हणाला, "बसा. पाणी घ्या. खाली मजकूर काय?"

कुंदनने कागद दिला: 'हिलाल, तुझी जागा कुणीही भरून काढू शकत नाही. तुझाच, मित्रपरिवार, खान्देश मेटल.'

जीवरामने वाचून मान हलवली. "आणि वरती मोठ्या अक्षरात?"

"ते तुमचं नेहमीचं असतं ना, ते टाका," कुंदन म्हणाला. त्याच्या मनात 'हार्दिक स्वागत' होतं. "पण अक्षरं साधी नकोत. काटेरी पाहिजेत. मुळ्या फुटल्यासारखी, एकात एक गुंतलेली. अशी." आणि त्याने आपल्या टी-शर्टवरचं बँडचं नाव दाखवलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मेटलचा प्रत्येक बँड आपलं नाव असं लिहितो की ते वाचता येऊ नये. बाभळीची काटेरी फांदी भिंतीवर चिकटवल्यासारखं दिसतं. आणि मेटलवाले ते वाचतही नाहीत. नुसते बघतात आणि भारी म्हणतात. ही त्यांची वीस वर्षांची सवय. एरवी तिने कुणाचं काही बिघडत नाही.

संध्याकाळी जीवरामने नमुना फोनवर पाठवला. दुकानात तेव्हा एक आजी भिंतीवरच्या तक्त्यातली चौथी ओळ चुकत होती आणि कुंदन तिला "नीट वाचा, आजी, घाई नको" असं सांगत होता. त्याने एका डोळ्याने फोन पाहिला. काळी जाड चौकट. मध्ये हिलाल. डावीकडे मंद जळणारी समई, उजवीकडे दोन पांढरी फुलं, मागे ढग. वर काट्याकुट्यांत काहीतरी भव्य. कुंदनने तो ग्रुपवर टाकला.

"बापरे, काय भारी," ज्योत्स्ना.

"समई फार जबरदस्त. कुणाला सुचली?" अभिमन.

"मुद्दाम सांगून केलं," कुंदनने लिहिलं. खोटं होतं, पण अंगावर मूठभर मांस चढलं.

तीन माणसं. एक डोळे तपासणारा, एक रक्त तपासणारी, एक शेतकरी. तिघांपैकी एकानेही वर काय लिहिलंय ते वाचलं नाही.

फ्लेक्स रस्त्याला लावायचा तर ग्रामपंचायतीची परवानगी लागते. अभिमन म्हणाला होता की ग्रामसेवकाकडे तीन गावं आहेत, तो मंगळवारी आणि शुक्रवारी असतो, आणि असतो म्हणजे त्याची बॅग असते. अर्जावर कार्यक्रमाचे चार प्रकार छापलेले: धार्मिक, कौटुंबिक, राजकीय, इतर. गेल्या वर्षी क्रिकेटच्या सामन्यासाठी पोरांना सही मिळेपर्यंत आंब्याला मोहर आला होता. म्हणून शुक्रवारी कुंदन पूर्ण तयारीने गेला: आधार, दोन झेरॉक्स, आणि गरज पडली तर संगीत ही कला आहे या विषयावर भाषण.

ग्रामसेवकाने फोनवर नमुना पाहिला. दोन बोटांनी मोठा करून पाहिला. मग उठून उभा राहिला.

"तरुण होते," तो म्हणाला.

"पस्तीस," कुंदन म्हणाला. "अजून काही वय नाही."

"नाहीच हो." त्याने स्वतःच 'इतर'वर खूण केली, स्वतः शिक्का मारला आणि फी घ्यायला नकार दिला. "लोक किती येतील?"

"आम्ही चार."

ग्रामसेवकाने त्याच्याकडे फार दयेने पाहिलं. "जास्त येतील," तो म्हणाला. "पंचायतीची ताडपत्री घेऊन जा."

कुंदन ताडपत्री खांद्यावर टाकून बाहेर पडला तो हवेत. शेवटी शासनाला मेटलची किंमत कळली, असं त्याने ग्रुपवर लिहिलं. तिघांनाही भरून आलं.

शनिवारी संध्याकाळी अभिमनच्या गड्यांनी फाट्यावर फ्लेक्स बांधला. रविवारी सकाळी आठला कुंदन आणि ज्योत्स्ना फाट्यावरच्या फ्लेक्सला जाता जाता 'भारी' म्हणत शेतात पोचले. तिघेही काळ्या टी-शर्टमध्ये. नानांच्या आज्ञेप्रमाणे वीस किलो हिरवी वांगी आलेली. पऱ्हाटी पेटली, वांगी फुटायला लागली, लसूण सोलला जात होता, फोनवर हळू आवाजात थ्रॅश मेटल चालू होतं. अभिमनची आई ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती. सगळं उत्तम होतं. फक्त हिलाल आला नव्हता.

पावणेदहाला एक ट्रॅक्टर आला. ट्रॉलीतून बावीस माणसं उतरली, टोप्या घातलेली, गंभीर. त्यांनी कुंदनला नमस्कार केला आणि पंचायतीच्या ताडपत्रीवर एका ओळीत बसली.

"हे कोण?" कुंदनने विचारलं.

"शेजारच्या गावचे," अभिमन म्हणाला. "वास गेला असेल."

मग दुसरा ट्रॅक्टर. मग दोन रिक्षा. मग चोपड्याहून एक जीप. सगळे येत, मान खाली घालत, बसत. ज्योत्स्नाने गाणं बंद केलं, कारण का कोण जाणे, ते बरं दिसेना.

आणि मग बांधावरून तो आवाज आला. यशोदाबाई आत्या दोन बायकांच्या खांद्यावर भार देऊन येत होत्या.

"मना हिलाल वं माय... मना सोनाना पोऱ्या..."

रडणाऱ्या बाईला काय झालं म्हणून विचारायची कुंदनला भीती वाटली. तेवढ्यात अमळनेरच्या गाडीने उतरलेले रुपचंद नाना शेतात शिरले. हातातली पिशवी खाली ठेवून ते कुंदनसमोर उभे राहिले.

"कुंदन, हिलाल गेला आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"कुठे गेला?"

नाना जन्मात पहिल्यांदा हळू बोलले. "फ्लेक्सवर लिहिलंयस ना."

कुंदन फाट्यापर्यंत पळत गेला. आठ बाय दहा. फोनवर जे काटेकुटे दिसत होते ते इथे हात-हात उंच होते, आणि गावातल्या चौथी शिकलेल्या माणसालाही आरामात कळत होते. त्याने खाली उभं राहून, त्याच्या गिऱ्हाइकांसारखं एकेक अक्षर लावत, वाचलं. भा. व. पू. र्ण. पुढचं वाचायची गरज नव्हती, तरी त्याने वाचलं.

परत येईपर्यंत ताडपत्री भरून माणसं मातीत बसली होती. साठ तरी असतील. ज्योत्स्ना हिलालला फोन लावत होती. घंटा वाजत होती, उचलत नव्हता. रविवारी तो रंगाचा कॉम्प्रेसर चालवतो, त्या आवाजात फोन ऐकू येत नाही. आत्यानेही सकाळपासून सतरा वेळा लावला होता, आणि न उचलणं हाच तिला पुरावा वाटला होता.

"मी आत्ताच सांगून टाकतो," कुंदन म्हणाला.

नानांनी त्याचा दंड धरला. "ही माणसं कामं सोडून आलीत. रिकाम्या पोटी सांगितलंस तर मारतील. आधी वाढ."

म्हणून पंगत बसली. मयताच्या घरचं पहिलं जेवण, ज्याला कडू घास म्हणतात, ते असंच गप्प राहून जेवायचं असतं. लोक डोळे पुसत पुसत भरीत खाऊ लागले. पण जानेवारीतलं भरीत, त्यात कांद्याची पात, वर कच्चं तेल, हाताशी कळण्याची भाकरी. दुःखाला तरी किती धरून ठेवणार. एक आजोबा डोळे पुसून म्हणाले, "पोरगं चांगलं होतं. जरा ठेचा इकडे." दुसऱ्याने उसासा सोडला आणि तिसरी भाकरी घेतली. अभिमन आणि ज्योत्स्ना काळ्या कपड्यांत, खाली मान घालून वाढत होते, आणि त्यांच्या सेवेचं लोकांना फार कौतुक वाटलं.

जेवणं होत आली तसे नाना उभे राहिले. "आता स्वर्गीयांचे मित्र कुंदनभाऊ दोन शब्द बोलतील," त्यांनी पुकारलं आणि कुंदनच्या कानात म्हणाले, "त्यातच गुंडाळून सांग."

कुंदन उभा राहिला. साठ माणसं त्याच्याकडे बघत होती, आणि आत्या पदराचा बोळा तोंडात धरून बसली होती. आत्याकडे पाहिलं आणि तयार केलेलं गुंडाळणं त्याला आठवेना.

"हिलाल," तो म्हणाला. "माझ्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा तो धुळ्याच्या दवाखान्यात तीन दिवस बाकावर झोपला. मी चष्मेवाला, पण आईला डोळ्यात थेंब टाकताना माझे हात कापायचे. ते त्याने टाकले. नंतर मी आभार मानले नाहीत. आमच्यात पद्धत नाही."

कुणीतरी "अरेरे" म्हणालं.

"सात ठिकाणांहून त्याला नकार आला. मी एकदाही विचारलं नाही, तुला कसं वाटतं म्हणून. त्याने केस कापले तेव्हा मी टिंगल केली. माझ्या डोक्याकडे बघा. मला काय अधिकार? अडीच महिने मी म्हणतोय तत्त्व, तत्त्व. कसलं तत्त्व. माझं चुकलं. तेवढं म्हणायला नको म्हणून मी हे सगळं केलं. आणि तो गेलेला नाही. तो जिवंत आहे. फ्लेक्स चुकला."

लोक एकमेकांकडे बघायला लागले.

मागच्या पंगतीतले, ठेचा मागणारे आजोबा, आपल्या शेजारी बसलेल्या माणसाकडे वळून म्हणाले, "तू तं मघापासून जेवी ऱ्हायना. मयतना जवळना दिखस. हाई काय शे, भाऊ?"

तो माणूस वीस मिनिटांपूर्वी मोटरसायकलवरून आला होता. धुळीसाठी तोंडाला बांधलेला रुमाल हनुवटीवर ओढलेला, आखूड केस, भांग. फ्लेक्सवरचा हिलाल कमरेपर्यंत केसांचा, म्हणून गावकऱ्यांनी त्याला ओळखलं नाही, आणि मित्र तर मान खाली घालून वाढत होते. उलट आजोबांनीच हाताला धरून, "बस, भाऊ, जेवी ले" म्हणून पंगतीला बसवलं होतं. कॉम्प्रेसर बंद केल्यावर त्याला फोनवर त्रेचाळीस मिस्ड कॉल आणि स्वतःच्या श्रद्धांजलीचा फोटो दिसला होता, आणि तो कुंदनला मारायला म्हणून निघाला होता. पण भूक लागली होती आणि पुढ्यात भरीत आलं.

तो हात पुसत उठला. "मीच शे तो," म्हणाला.

आत्या उठल्या. पंगत ओलांडत गेल्या, भाच्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं आणि एक सणसणीत ठेवून दिली.

"जित्ता व्हता ते फोन का बरं उचला नही?"

मार कुंदनला बसायला हवा होता, पण न्याय हा असाच असतो. ताडपत्रीवर कुजबुज वाढायला लागली. जीपमधून आलेल्या एकाने उभं राहून विचारलं, "मग आता आम्ही हे काय समजायचं?"

"वाढदिवस समजा," रुपचंद नानांनी पुकारलं.

हे लोकांना पटलं. वाढदिवस म्हटल्यावर दुसऱ्यांदा भरीत मागायला संकोच उरला नाही. बघता बघता बोलणी सुरू झाली, कापूस, केळी, कुणाची म्हैस. आजोबांनी हिलालला शंभर वर्षं जग म्हणून सांगितलं.

हिलाल कुंदनसमोर येऊन उभा राहिला. एक गाल लाल होता.

"फ्लेक्स कुणी पास केला?"

"मी."

"वाचला होतास?"

"नाही."

हिलालने फाट्याकडे पाहिलं. अक्षरांच्या धंद्यातला माणूस. त्याच्याने राहवलं नाही. "अक्षरं चांगली काढलीत," तो म्हणाला. "चौकट अजून बोटभर जाड चालली असती." मग चेहरा पुन्हा कडक करून म्हणाला, "आता जे बोललास ते ग्रुपवर लिही."

"साठ माणसांसमोर बोललो ना."

"ही साठ माणसं उद्या विसरतील. लिही."

"तू ग्रुपवर नाहीस. वाचणार कसा?"

ज्योत्स्नाने भरिताचा हात टी-शर्टला पुसला, फोन काढला आणि हिलालला ग्रुपमध्ये घेतलं. कुंदन वांगी सोलून भाजलेल्या बोटांनी लिहायला बसला. 'माझं चुकलं' ही दोन शब्दांची जोडी त्याने तीनदा खोडली. एकदा त्यापुढे 'पण' लिहिलं, तेही खोडलं. हिलाल तीन हातांवर पाठ करून उभा होता, आणि आपल्या फोनकडे असा बघत होता की जणू मेसेज पुण्या-मुंबईहून येणार आहे.

शेवटी कुंदनने पाठवला. हिलालच्या हातात फोन थरथरला. त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग अंगठ्याने काहीतरी टाईप केलं, आणि इकडे कुंदनचा फोन वाजला.

"पोचलं. आत्याला पाणी दे, ती पुन्हा रडायला लागली."

कुंदन तांब्या शोधायला उठला.